दुखत नाही, म्हणून
गोरेगाव तालुक्यात धानाची रोवणी लागली की ड्रेसिंगच्या खोलीत पायांच्या जखमा येऊ लागतात. बांधीतल्या चिखलात चप्पल टिकत नाही, आणि जुन्या मधुमेहानं तळपाय बधिर झाला असेल तर काटा रुतलेलाही कळत नाही. समोर बसलेल्या काकांच्या अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम होती. कडेची कातडी जाड, तळाशी पिवळा, चिवट थर. वास येत होता. दुखत मात्र नव्हतं.

डॉक्टरांनी बोथट सळई घालून जखम हाडापर्यंत गेली नाही ना, ते पाहिलं. मग जाड कड आणि मेलेला भाग कापला, ताजं रक्त दिसेपर्यंत. पोटातून प्रतिजैविकं सुरू झाली. पुढच्या खेपेला पू थांबलेला होता, तळाशी थोडा सुका थर उरलेला. तेव्हा सिस्टरनं सलाईननं जखम धुऊन ट्यूबमधलं पारदर्शक हायड्रोजेल भरलं. त्यात बहुतांश पाणीच असतं. त्या ओलाव्यानं मेलेला थर मऊ पडून सुटतो, आणि पट्टी काढताना नवी कातडी सोलली जात नाही. जेल जखमेपुरतंच लावायचं. कडेला गेलं तर चांगली कातडीही भिजून पांढरी पडते. फार वाहणाऱ्या जखमेवर ते लावतच नाहीत.

जखम कोरडी ठेवावी, खपली धरू द्यावी, हा आपला जुना समज. संशोधक जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांवर दाखवून दिलं, की ओलसर झाकलेल्या जखमेवर कातडी जवळपास दुप्पट वेगानं येते.

आता साखर वाढली की औषध सोडणारी जेल प्रयोगशाळांत तयार होत आहेत. उंदरांवर ती चालतात. ती यावीतच. पण वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांना दिसलेली गोष्ट कुठलंही जेल बदलू शकत नाही: जखमेवरचा भार काढला, तरच ती भरते.

"काका, पाय टेकवायचा नाही."

"मंग रोवना कोन करील, बाई?"

सिस्टरकडे याला उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. ऐन हंगामात पाय उचलून बसायचं तर मजुरीची सोय कुणीतरी करायला हवी, आणि ती ट्यूबमधून येत नाही.

तोवर एवढं तरी करा. घरात मधुमेही माणूस असेल तर बांधीतून आल्यावर त्याचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या दुसऱ्या कुणीतरी रोज पाहाव्यात. फोड, लाली, चीर दिसली की त्याच दिवशी दवाखाना गाठा. दुखायची वाट पाहू नका. तो पाय दुखणार नाही.