चोवीस तास पाणी, पण मोजून

दिवसातून तासभर पाणी सोडणाऱ्या शहरात पुरवठा थांबला की जलवाहिनीतला दाब ओसरतो. मग गळक्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत झिरपते आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या धारेबरोबर घरोघरी पोहोचते. कावीळ, विषमज्वर आणि जुलाबाच्या साथी अशाही पसरतात. त्यात नळाला थेट मोटार लावणारे जास्त पाणी ओढतात आणि टोकाच्या वस्तीतल्या बायका हंडे घेऊन ताटकळत राहतात. वाहिनी सतत दाबाखाली ठेवणे हा यावरचा खरा उपाय. त्यासाठी पाणी कुठे आणि किती जाते, हे आधी कळावे लागते.

शहराचे छोटे विभाग पाडून प्रत्येक विभागाच्या तोंडाशी मीटर बसवला की ते कळू लागते. पहाटे दोन-तीनला घरगुती वापर जवळजवळ नसतो. त्या वेळीही मीटर जोरात फिरत असेल, तर विभागात मोठी गळती आहे हे उघड होते. मग शोध काही गल्ल्यांपुरताच उरतो.

कराडलगतच्या मलकापूर नगरपंचायतीने 2009 च्या सुमारास, म्हणजे स्मार्ट सिटी अभियानाच्या कितीतरी आधी, चोवीस तास पाणी देऊन दाखवले. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने जलवाहिन्यांचे जाळे संगणकावर आखले. प्लास्टिकच्या वाहिन्या वितळवून जोडल्या, कारण गळती बहुधा सांध्यांतच होते. घरोघरच्या मीटरचे रीडिंग दुरून घेता येऊ लागले. जास्त वापराला चढा दर लावल्याने उधळपट्टी परवडेनाशी झाली. पाणी केव्हाही मिळते म्हटल्यावर काल भरलेले शिळे म्हणून ओतून देण्याचेही कारण राहिले नाही.

2015 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या स्मार्ट सिटी अभियानात निवडलेल्या 100 शहरांत नियंत्रण कक्ष उभे राहिले. भिंतभर पडद्यांवर वाहतूक, कचरागाड्या, पाण्याच्या टाक्यांची पातळी दिसते. ही सोय मोलाची आहे, पण पडद्यावर दिसलेली गळती बुजवायला फिटर त्याच दिवशी गेला, तरच तिचा नागरिकाला उपयोग.

ओडिशातील पुरी शहरात जुलै 2021 पासून नळाचे पाणी थेट पिता येते. तिथे पाणीपुरवठ्याच्या यंत्रणेला माणसांची जोड आहे. बचत गटांतल्या महिला ‘जलसाथी’ म्हणून मीटरचे रीडिंग घेतात, बिल देतात, दारातच पाण्याची तपासणी करतात आणि तक्रार कार्यालयापर्यंत पोहोचवतात. वसुलीतला काही हिस्सा त्यांना मानधन म्हणून मिळतो.