डॉक्टर बदलतात तेव्हा लिव्हरच्या पेशंटचं काय होतं?

कानात हेडफोन घालायला वेळ नसेल तर हा भाग वाचून घ्या.

आजचा विषय ब्रिटनचा आहे. तिथे दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी हजारो ज्युनियर डॉक्टर एकाच दिवशी बदलतात. कालपर्यंत विद्यार्थी असलेली मुलं डॉक्टर म्हणून वॉर्डात उभी राहतात, आणि वॉर्ड पाठ झालेले दुसरीकडे जातात. या दिवसाला तिथे ‘ब्लॅक वेन्सडे’ म्हणतात. अमेरिकेत हीच गोष्ट जुलैत होते, म्हणून तिकडे तो ‘जुलै इफेक्ट’.

आता प्रश्न असा, की ही नुसती भीती आहे का? लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने 2009 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 2000 ते 2008 या काळात त्या बुधवारी तातडीने भरती झालेले पेशंट त्यांनी आदल्या बुधवारच्या पेशंटशी ताडून पाहिले. वय, आजार वगैरे फरक वजा केल्यावर मृत्यूची शक्यता सुमारे 6 टक्के जास्त निघाली. आकडा छोटा आहे, आणि कारण नवे डॉक्टरच असं त्यातून सिद्ध होत नाही. पण विचार करायला लावणारा नक्कीच आहे.

मग मी लिव्हरचंच का बोलतोय? कारण सिरॉसिसचा पेशंट फार वेळ देत नाही. सिरॉसिस म्हणजे लिव्हर आकसून, गाठाळ होऊन निकामी होत जाणं. अशा माणसाच्या पोटात पाणी साठतं. त्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला तरी कधी ताप येत नाही, कधी पोटही दुखत नाही. सुईने थोडं पाणी काढून तपासल्याशिवाय कळतच नाही. तपासणी लांबली की धोका वाढतो.

दुसरी गोष्ट मेंदूची. लिव्हर रक्त नीट साफ करत नाही, म्हणून पेशंट गोंधळतो, नुसता झोपून राहतो. आज आलेल्या डॉक्टरला वाटेल, हा असाच असेल. ‘काल हे काका नीट बोलत होते’ हे फक्त कालच्या डॉक्टरला माहीत असतं! ती माहिती हँडओव्हरमध्ये गळली, तर उपचार उशिरा सुरू होतात.

म्हणून मला यात त्या नव्या पोरापोरींचा दोष दिसत नाही. सगळ्यांना एकाच दिवशी बदलायचं ठरवतं कोण? व्यवस्थाच ना!

ब्रिटनने यावर काय केलं? 2012 पासून नव्या डॉक्टरांना कामावर रुजू होण्याआधी किमान चार दिवस, पगारासह, जुन्या डॉक्टरच्या मागे फिरून काम बघायला मिळू लागलं. 2013 मध्ये एक अहवाल आला. दारूमुळे लिव्हर खराब होऊन हॉस्पिटलात दगावलेल्यांपैकी निम्म्याहून कमी जणांना चांगली सेवा मिळाली होती, असं त्यात निघालं. त्यानंतर तिथल्या लिव्हरतज्ज्ञांनी पहिल्या 24 तासांची चेकलिस्ट बनवली. पोटातलं पाणी तपासलं का? किडनी ठीक आहे का? रक्तस्राव? संसर्ग? लॅक्टुलोज सुरू केलं का? म्हणजे तज्ज्ञ येईपर्यंत नवखा डॉक्टरही काही विसरणार नाही. अनुभव कागदावर उतरवला, एवढीच युक्ती.

आपल्याकडेही इंटर्न दर काही आठवड्यांनी विभाग बदलतात. तेव्हा घरचं कुणी सिरॉसिसने भरती असेल तर तीन गोष्टी करा. पोटात पाणी असेल तर ते तपासायला पाठवलं का, हे विचारा. पेशंट एरवी कसा बोलतो-वागतो, हे प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगा. आणि दुखण्याची किंवा झोपेची गोळी आपल्या मनाने देऊ नका.

विचारताना आवाज चढवायची गरज नाही. समोरचा डॉक्टरही कदाचित रात्रभर जागा असेल. पण पेशंटला रोज बघणारे तुम्हीच आहात, आणि डॉक्टर बदलले तरी तुम्ही तिथेच असता.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!