मोटारगाडीची निलंबन उंची
गाडीचा सांगाडा चाकांवर स्प्रिंगांच्या व धक्काशोषकांच्या साहाय्याने तोलून धरणाऱ्या योजनेस निलंबन म्हणतात. रिकामी गाडी सपाट जमिनीवर उभी असता सांगाडा चाकांच्या संदर्भात ज्या पातळीवर राहतो, ती तिची निलंबन उंची होय. लहान, वेगवान गाड्यांच्या हौशी मालकांत ही उंची कमी करण्याची प्रथा आहे. त्यासाठी आखूड स्प्रिंगा (लोअरिंग स्प्रिंग) किंवा उंची बदलता येणारे स्प्रिंग व धक्काशोषकांचे संयुक्त संच (कॉइलओव्हर) वापरतात.

मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनी गाडीस पुढे मळसूत्री व मागे पाटा स्प्रिंगा असत. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० गाडीबरोबर मॅकफर्सन टेकू भारतीय रस्त्यांवर सर्वपरिचित झाला. या टेकूत धक्काशोषकाभोवतीच स्प्रिंग बसविलेली असते. त्यामुळे कॉइलओव्हर ही कल्पना तत्त्वतः नवी नाही. धक्काशोषकाच्या नळीवर आटे पाडून स्प्रिंगेचे खालचे कडे वरखाली सरकविण्याची सोय केलेली असते, इतकाच तिचा विशेष. चाकण येथे २०२२ पर्यंत तयार झालेल्या फोक्सवॅगन पोलो गाडीत मागील स्प्रिंग व धक्काशोषक वेगवेगळे असतात. अशा गाडीचा ‘कॉइलओव्हर’ संच मागच्या बाजूस नावापुरताच संयुक्त असतो.

उंची कमी केल्याने गुरुत्वमध्य खाली येतो व वळणावर गाडी कमी कलते, असे सांगितले जाते. हे खरे असले, तरी लाभ अपेक्षेपेक्षा अल्प असतो. १,१०० किग्रॅ. वस्तुमानाची, १.४५ मी. चाकांतराची गाडी गुरुत्वीय प्रवेगाच्या ०.७ पट पार्श्वप्रवेगाने वळत असून तिचा गुरुत्वमध्य ०.५५ मी. उंचीवर आहे असे मानल्यास, आतील चाकांवरून बाहेरील चाकांवर सुमारे २९० किग्रॅ. भार सरकतो. गाडी ३० मिमी.ने खाली आणल्यास हा भार सुमारे २७५ किग्रॅ. होतो, म्हणजे जेमतेम साडेपाच टक्के घट. उलट मॅकफर्सन निलंबनात गाडी खाली घेतली असता तिचे कलनकेंद्र गुरुत्वमध्यापेक्षा अधिक खाली जाते. परिणामी कलविणारी भुजा लांबते. गाडी कमी कलल्यासारखी वाटते ती मुख्यतः स्प्रिंग ताठ झाल्यामुळे, उंचीमुळे नव्हे.

खरी अडचण चाकाच्या प्रवासाची आहे. चाक वर सरकण्यास मुळात ८० मिमी. वाव असेल आणि गाडी ३० मिमी.ने खाली घेतली, तर ५० मिमी.च उरतो. स्प्रिंगेत साठणारी ऊर्जा संपीडनाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून तोच धक्का उरलेल्या प्रवासात स्प्रिंगेनेच जिरवायचा, तर ती अडीच पटींहून अधिक ताठ हवी. बाजारातील आखूड स्प्रिंगा इतक्या ताठ नसतात आणि असल्या तर त्या सहन होणार नाहीत. त्यामुळे खड्ड्यात गाडी रबरी अटकावावर आदळते. त्या क्षणी निलंबन जवळजवळ नाहीसेच होते व चाकाची जमिनीवरील पकड सुटते. वेटोळ्यांमधील अंतर असमान ठेवून हळूहळू ताठ होत जाणाऱ्या स्प्रिंगा या दोषावर अंशतः उपाय आहेत.

अवमंदनाचा प्रश्नही याला जोडलेला आहे. प्रत्येक चाकावर ३०० किग्रॅ. भार व चाकाशी २० न्यूटन प्रति मिमी. ताठपणा असेल, तर सांगाड्याची नैसर्गिक कंप्रता सेकंदास सुमारे १.३ आवर्तने असते. ताठपणा ३० केल्यास ती सुमारे १.६ होते. धक्काशोषक मूळचाच राहिला, तर त्याचे सापेक्ष अवमंदन सुमारे १८ टक्क्यांनी कमी पडते आणि धक्क्यानंतर गाडी अधिक वेळ झुलते. नव्या स्प्रिंगा जुन्या, झिजलेल्या धक्काशोषकांवर चढविणे म्हणूनच सर्वांत वाईट. त्याहून वाईट म्हणजे स्प्रिंगेचे वेटोळे वायुज्योतीने कापणे. त्याने पोलादाचे पाणी उतरते व स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटू शकते.

पुसेगाव (हिंगोली जिल्हा) परिसरासारख्या काळ्या कापसाच्या जमिनीत हा विचार अधिक निकडीचा ठरतो. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे डांबरी रस्त्यास लांबलचक लाटा येतात व कडा खचतात. लाटांची लांबी १५ मी. असल्यास मूळ गाडी ताशी सुमारे ७० किमी. वेगास, तर वरील ताठ स्प्रिंगांची गाडी सुमारे ८६ किमी. वेगास अनुस्पंदित होते. अवमंदन अपुरे असता अशा वेळी सुकाणूवरील ताबा ढिला पडतो.

गतिरोधकांची गोष्ट भूमितीची आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातील गतिरोधक १० सेंमी. उंच, ३.७ मी. रुंद व १७ मी. त्रिज्येचा असतो. सुमारे २.४७ मी. अक्षांतराची पोलो त्याच्या माथ्यावर मध्यभागी आली असता जमिनीपासूनचे अंतर साडेचार सेंमी.नेच घटते. मूळ अंतर सुमारे १६५ मिमी. असल्याने ४० मिमी.ने खाली घेतलेली गाडीही त्यावरून जाते. पाच माणसे व सामान भरल्यावर मात्र आणखी ३–४ सेंमी. जातात. परंतु मानक न पाळता घातलेला १५ सेंमी. उंच, मीटरभर रुंदीचा उंचवटा दोन्ही आसांच्या मध्ये पूर्ण मावतो व खाली घेतलेल्या गाडीच्या तेलपात्रास लागतो. तेल गळून एंजिन आवळले गेल्यास त्याचा खर्च कोणत्याही स्प्रिंग संचाहून जास्त असतो.

निवड करताना गाडीचा उपयोग प्रथम ठरवावा. रोजच्या रस्त्यासाठी २०–२५ मिमी.पेक्षा अधिक घट करू नये व त्या स्प्रिंगांना जुळणारे नवे धक्काशोषक बरोबरच बसवावेत. कारखान्यातूनच अशी जुळणी झालेली गाडी म्हणजे रांजणगाव येथील फियाट कारखान्यातून २०१५ मध्ये आलेली आबार्थ पुंटो. तिचे जमिनीपासूनचे अंतर सुमारे १५५ मिमी. होते. कॉइलओव्हर संच शर्यतीच्या मार्गावर उपयोगी पडतात, कारण तेथे प्रत्येक चाकावरील भार तोलून घेता येतो. मात्र त्यांच्या आट्यांत पावसाळी चिखल बसून कडी गंजतात व मग उंची बदलण्याची सोयच संपते. कच्च्या मार्गावरील रॅलीच्या गाड्या तर खाली घेत नाहीत, त्यांना चाकांचा प्रवास वाढवून देतात. कोणताही संच बसविल्यावर चाकांचे कोन व पुढील दिव्यांची दिशा पुन्हा जुळवावी लागते. एरवी टायरची आतील कड लवकर झिजते.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांहून वेगळे होतील असे फेरफार मालकास करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच अर्थाचा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या सुधारणेने अनधिकृत फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. म्हणून खरेदीपूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करावी व विमा कंपनीस बदल लेखी कळवावा. विक्रेत्याचे ‘चालते’ हे आश्वासन अपघातानंतर उपयोगी पडत नाही.