अमेरिकेतले शिकारी झाडाला लटकून तासन् तास बसतात, त्यांना धरून ठेवणारी गाठ नेमकी काम कशी करते?

रील्स बघताना असा एखादा व्हिडिओ तुमच्याही समोर आला असेल. अमेरिकेतलं जंगल, पहाटेचा अंधार. जमिनीपासून पंधरा-वीस फुटांवर एक माणूस खोडाकडे तोंड करून मागे रेललाय, हातात धनुष्य. खाली मचाण नाही. पायाखाली जेमतेम बूट टेकतील एवढी फळी, कमरेला झोळीसारखा पट्टा आणि त्या पट्ट्यातून झाडाकडे गेलेला एक दोर.

या झोळीला म्हणतात 'ट्री सॅडल'. हरणाच्या शिकारीसाठी तिथे ती वापरतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आहे, तिथे मात्र परवाना काढून ठरलेल्या हंगामात शिकार करता येते. पण झाडावरून पडणं हे तिथल्या शिकाऱ्यांच्या गंभीर दुखापतींमागचं एक मोठं कारण मानलं जातं. म्हणूनच हा दोर कसा बांधायचा आणि कसा सैल-घट्ट करायचा, हा जिवाचा प्रश्न आहे.

या सॅडलमध्ये दोर किती असतात?

मुख्य दोर तीन. पहिला 'लाईनमन बेल्ट'. विजेच्या खांबावर चढणारा लाईनमन खांबाभोवती पट्टा टाकतो ना, तोच प्रकार. चढताना हा दोर खोडाभोवती फिरवून सॅडलच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांत अडकवतात आणि वर सरकवत नेतात.

दुसरा 'टेदर'. वर पोहोचल्यावर हा साधारण डोक्याच्या उंचीला खोडाला आवळतात. बसल्यावर सगळं वजन यावरच येतं.

तिसरा 'ब्रिज'. सॅडलच्या डाव्या-उजव्या कड्यांना जोडणारा हा आखूड दोर. टेदरवरचा कॅराबिनर यात अडकतो.

नियम एकच: एक दोर सोडण्याआधी दुसरा अडकवायचा. वाटेत फांदी आली, तर आधी फांदीच्या वर टेदर बांधायचा, त्यात स्वतःला अडकवायचं आणि मगच लाईनमन बेल्ट काढून फांदीच्या वर घ्यायचा. पडणारे बरेचदा याच अदलाबदलीत पडतात.

मग ही सरकणारी गाठ कुठे असते?

टेदरवर. तिचं नाव 'प्रुसिक'. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये ती मांडली. बारीक दोरीचं एक गोल कडं मुख्य दोराभोवती तीनदा गुंडाळायचं, की झाली गाठ.

गंमत अशी, की वजन नसताना ही गाठ हातानं आरामात वर-खाली सरकते. वजन आलं की तिचे वेढे दोराला आवळतात आणि घर्षणामुळे ती जागची हलत नाही. म्हणजे तुमचं वजनच तिचं कुलूप असतं.

पण त्यासाठी गाठीची दोरी मुख्य दोरापेक्षा बारीक हवी. दोर ११ मिलिमीटरचा असेल, तर दोरी साधारण ८ मिलिमीटरची. दोन्ही सारख्याच जाडीच्या असतील तर पकड नीट बसत नाही. दोरी फारच बारीक असेल तर गाठ इतकी रुतते की सुटता सुटत नाही. वेढे एकमेकांवर चढले किंवा दोर ओला, बर्फाळ असला, तरी गाठ घसरू शकते.

सैल-घट्ट कसं करतात?

दोर आखडायचा असेल तर फळीवर पाय रोवून खोडाकडे झुकायचं. गाठीवरचं वजन गेलं की एका हातानं टेदरचं मोकळं टोक ओढायचं आणि दुसऱ्या हातानं गाठ वर सरकवायची. हरीण झाडाच्या दुसऱ्या बाजूला गेलं आणि वळायला जागा हवी असेल, तर उलटं. अंगठ्यानं गाठ थोडी सैल करायची आणि खाली आणायची. वजन असताना गाठ जबरदस्तीनं ओढायची नाही, कारण घासून दोरी तापते आणि नायलॉन वितळू शकतो.

टेदरच्या मोकळ्या टोकाला एक जाड गाठ मारलेली असते. प्रुसिक चुकून घसरली, तरी ती तिथे अडावी म्हणून.

थोडी ढील राहिली तर काय बिघडतं?

इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. ढोबळ हिशेब करून बघू. ८० किलोचा माणूस पाय निसटून ६० सेंटीमीटर खाली आला आणि दोरानं त्याला पुढच्या १० सेंटीमीटरमध्ये थांबवलं, तर अंगावर येणारा सरासरी जोर वजनाच्या सातपट, म्हणजे ५६० किलोच्या भाराएवढा. दोर ताणला जाऊन ३० सेंटीमीटरमध्ये थांबवलं, तर तिप्पट, म्हणजे २४० किलो.

सॅडलचे दोर फारसे ताणत नाहीत. शिवाय ते अंगाला पडताना झेलायला नाही, तर वजन धरून ठेवायला बनवलेले असतात. म्हणून टेदर कायम ताठ हवा आणि तो जिथे बांधलाय त्याच्या वर चढायचंच नाही. फूट-दोन फुटांची ढील डोळ्यांना किरकोळ वाटते, पाठीच्या कण्याला वाटत नाही.

हे आपल्या कामाचं काय?

हीच प्रुसिक आपल्या सह्याद्रीतही आहे. कडा उतरताना, म्हणजे रॅपलिंग करताना, हात सुटलाच तर धरायला म्हणून गिर्यारोहक ती दोरावर बांधतात. तेव्हा पुढच्या वेळी कुणी तुम्हाला दोराला अडकवेल, तेव्हा तीन गोष्टी बघा: वेढे शेजारी-शेजारी बसलेत का, दोर कुठे घासून झिजलाय का आणि जमिनीपासून फूटभर उंचीवर पूर्ण वजन टाकल्यावर गाठ धरते का.

तिथे घसरली तर फार तर कपडे मळतील. ही तपासणी वर गेल्यावर करायची नसते.