ठोक्याला वाट देणारा स्वर

एकाच वेळी दोन माणसे मोठ्याने बोलू लागली, तर कोणाचेच बोलणे धड ऐकू येत नाही. त्यांपैकी एकाने क्षणभर थांबून दुसऱ्याला बोलू दिले, की दोघांचेही म्हणणे समजते. संगणकाच्या साहाय्याने तयार होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संगीतातही अशीच अडचण उभी राहते आणि तिच्यावरचा उपायही असाच आहे. या उपायाला ‘साइडचेन कॉम्प्रेशन’ असे म्हणतात.

प्रथम अडचण समजून घेऊ. ‘हाउस’ या नृत्यसंगीताच्या प्रकारात प्रत्येक मात्रेवर किक ड्रमचा ठोका पडतो. मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके असतात. त्याच वेळी खालच्या पट्टीत बेसचे सूर चालू असतात. किकचा गाभा बहुधा ५० ते ६० हर्ट्झ वारंवारतेच्या आसपास असतो आणि बेसचे मूळ सूरही तेथेच वावरतात. दोघांच्या ध्वनिलहरी एकाच दिशेने उसळल्या, तर त्यांची बेरीज होते. समान उंचीच्या दोन लहरी जुळल्या, की पातळी ६ डेसिबलने वाढते. त्या परस्परविरुद्ध आल्या, तर एकमेकींना खोडून काढतात. परिणामी एक ठोका घुमतो, तर दुसरा पोकळ वाटतो.

अशा वेळी नवशिक्या माणूस किकचा आवाज वाढवतो. मग बेस दबतो, म्हणून तोही वाढवतो. परंतु डिजिटल ध्वनिमुद्रणात शून्य डेसिबल ही वरची मर्यादा असते. ती ओलांडल्यास लहरींचे शेंडे छाटले जातात व आवाज फाटतो. ते टाळण्यासाठी अखेर संपूर्ण गाण्याची पातळी खाली आणावी लागते. एवढा खटाटोप करूनही गाणे निर्जीवच राहते. येथे आवाज वाढवणे हा उपाय नसून योग्य क्षणी कमी करणे हा उपाय आहे.

हे काम कॉम्प्रेसर करतो. एका ठरावीक पातळीच्या वर गेलेला आवाज आवरून धरणे, हे या साधनाचे कार्य होय. त्या पातळीला ‘थ्रेशोल्ड’ म्हणजे उंबरठा म्हणतात. आवाज किती आवरायचा, हे ‘रेशो’ म्हणजे प्रमाण ठरवते. उदाहरणार्थ, उंबरठा उणे २० डेसिबल आहे, प्रमाण ४ : १ आहे आणि येणारा आवाज उणे ८ डेसिबल आहे. हा आवाज उंबरठ्याच्या १२ डेसिबल वर आहे. कॉम्प्रेसर त्या १२ चे ३ करतो. म्हणून बाहेर पडणारा आवाज उणे १७ डेसिबल असतो. म्हणजेच त्यात ९ डेसिबलची घट होते.

कॉम्प्रेसरमध्ये आवाजाचे दोन मार्ग असतात. एका मार्गाने आवाज प्रत्यक्ष जातो व कमी केला जातो. दुसऱ्या मार्गाने तो केवळ मोजला जातो. हा मोजणीचा मार्ग म्हणजे साइडचेन. एरवी दोन्ही मार्गांवर एकच आवाज असतो. पण मोजणीच्या मार्गावर दुसराच आवाज जोडला, तर त्याच्या हुकमाने पहिला आवाज खाली जातो. रेडिओवर निवेदक बोलू लागताच पार्श्वसंगीत आपोआप मंदावते, त्यामागे हेच तत्त्व असते. नृत्यसंगीतात निवेदकाची जागा किक घेते आणि पार्श्वसंगीताची जागा बेस घेतो.

अडचण दूर करणारे हे तंत्र पुढे सौंदर्याचे साधन बनले. फ्रान्समधील ‘डाफ्ट पंक’ या जोडीच्या २००० साली आलेल्या ‘वन मोअर टाइम’ या गीतात आणि स्वीडनच्या एरिक प्रिड्झच्या २००४ मधील ‘कॉल ऑन मी’ या गीतात ठोक्यासरशी सारे संगीत आत ओढले जाते व पुन्हा उसळून येते. जणू गाणे श्वासोच्छ्वास करत असावे, असा भास होतो. या परिणामाला ‘पंपिंग’ म्हणतात.

चांगला परिणाम साधण्यासाठी वेळेचे गणित महत्त्वाचे असते. आवाज किती लवकर खाली जावा, हे ‘अटॅक’ ठरवतो. तो किती काळात पूर्वपदावर यावा, हे ‘रिलीज’ ठरवतो. दोन्हींचे माप मिलिसेकंदांत असते. मिनिटाला १२८ ठोके असतील, तर ६०,००० भागिले १२८ म्हणजे दोन ठोक्यांमध्ये सुमारे ४६९ मिलिसेकंद मिळतात. दोन ठोक्यांच्या नेमका मध्यावर बेसचा सूर येत असेल, तर किक पडल्यापासून सुमारे २३४ मिलिसेकंदांत तो पूर्ण आवाजात परतला पाहिजे. रिलीज त्याहून बराच लांबला, तर बेस सतत दबलेला राहतो आणि लय जाणवतच नाही. रिलीज अतिशय आखूड ठेवला, तर आवाजाची पातळी किकच्या लहरीबरोबरच थरथरते व सूर खरखरीत होतो. म्हणून १०० ते २०० मिलिसेकंदांपासून सुरुवात करून कानाने अदमास घेत पुढे जावे.

अटॅकचेही तसेच आहे. तो लांबला, तर किकचा पहिला आघात आणि बेस एकमेकांवर आदळतात. तो जवळजवळ शून्यावर आणला, तर ‘टक्’ असा आवाज येऊ शकतो. ५० हर्ट्झच्या एका लहरीला पूर्ण होण्यास २० मिलिसेकंद लागतात. ती मध्येच एकाएकी दाबली गेल्याने हा दोष उद्भवतो. अटॅक काही मिलिसेकंदांनी वाढवल्यास तो बहुधा नाहीसा होतो.

किती घट करावी, हे हेतूवर अवलंबून असते. केवळ किकला जागा करून द्यायची असेल, तर ३ ते ६ डेसिबलची घट बऱ्याचदा पुरते. अशी घट झाल्याचे श्रोत्याला कळतही नाही. त्याला फक्त ठोका स्वच्छ ऐकू येतो. श्वासाचा परिणाम मुद्दाम ऐकवायचा असेल, तर १० डेसिबल किंवा त्याहून अधिक घट करतात. गाण्यात किक थांबते, तेव्हा हा झोका एकदम बंद पडतो. तो चालू ठेवण्यासाठी श्रोत्यांना ऐकू न येणारी दुसरी किक केवळ मोजणीच्या मार्गावर जोडतात.

अखेरची कसोटी कानांचीच असते. मोठा आवाज मनाला बहुधा अधिक चांगला वाटतो; म्हणून कॉम्प्रेशन लावलेले व न लावलेले रूप समान पातळीवर आणूनच दोहोंची तुलना करावी. लहान स्पीकरवर व हलक्या आवाजातही गाणे ऐकून पाहावे. कधी कधी या साधनाची गरजच नसते. बेसचे सूर ठोक्यांच्या मधल्या जागांत बसवले किंवा किकसाठी वेगळ्या पट्टीचा नाद निवडला, तर संघर्ष मुळातच टळतो. तसे न जमल्यास मात्र साइडचेन उपयोगी पडते. ते नीट जुळले, की बेस क्षणभर मागे सरतो, ठोका उमटतो आणि लगेच बेस परततो. ऐकणाऱ्याचा पाय आपसूक ताल धरतो. त्यासाठी स्वराने किती वेळा वाट दिली, हे त्याला कळण्याचे कारणही नसते.