पाणी नको, आधी श्वास

लातूरहून अहमदपूर, लोहा करत नांदेडला जाताना शेतांमधून शेततळी दिसतात. 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. पाऊस दगा देणाऱ्या मुलखात या पाण्याचा मोठा आधार. पण आत अंथरलेल्या प्लास्टिकवर ओला पाय ठरत नाही आणि काठाला धरायला काही नसतं. म्हणून बुडालेल्या लेकराला वाचवायला शिकण्यासाठी या पट्ट्यातल्या एका शाळेत आशाताई, अंगणवाडीताईंसोबत मीही सतरंजीवर गुडघे टेकून बसले होते. समोर सहा-सात वर्षांच्या लेकराएवढी रबरी बाहुली.

“लेकरू तळ्यातून काढलं. आधी काय कराल?” शिकवणाऱ्या सिस्टरांनी विचारलं.

“उलटं धरू, पोट दाबून पाणी काढू,” चार-पाच जणी एकदम म्हणाल्या. माझंही उत्तर तेच होतं.

“पोट दाबलं की उलटी होते आणि तीच श्वासनलिकेत जाते. त्याला हवा पाहिजे, मावशी.”

मोठ्या माणसाचं हृदय बहुधा स्वतःच्याच दुखण्याने बंद पडतं. बुडालेल्या लेकराचा मात्र आधी श्वास अडतो, रक्तातला प्राणवायू संपतो आणि मग हृदय थांबतं. म्हणून बुडालेल्याला सुरुवातच श्वासाने करायची. हाक मारून, खांदा हलवून बघायचं. प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके येत असतील, तर थांबायचं नाही. आचके म्हणजे श्वास नव्हे. एकाच माणसाकडे बोट दाखवून सांगायचं, “दादा, तुम्ही 108 लावा, फोन स्पीकरवर ठेवा.”

मी बाहुलीची हनुवटी उचलली, नाक चिमटीत धरलं, तोंडावर तोंड ठेवून फुंकलं. छाती हलली नाही. मान नीट मागे गेली नव्हती. दुसऱ्यांदा छाती उचलली गेली, तेव्हा कुठे हाताला धीर आला. दोन श्वासांनंतर छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या भागावर तळहाताची टाच ठेवून 30 दाब. प्रत्येक दाब छातीच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे 5 सेंटिमीटर खोल. दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. पुन्हा दोन श्वास.

वेग मिनिटाला 100 ते 120. ‘एकोणतीस’ म्हणता म्हणता माझा हात मंदावला. सिस्टर म्हणाल्या, “एक ते दहा तीनदा मोजा.” लय लगेच सापडली.

“बरगडी मोडली तर?” एका ताईने भीत भीत विचारलं.

“बरगडी जुळते, ताई.”

दोन मिनिटांत मनगटं भरून आली. दुसरीने जागा घेतली, दाब चालूच राहिले. नांदेडच्या विष्णुपुरीतलं किंवा लातूरचं शासकीय रुग्णालय इथून लांब, आणि प्राणवायू न मिळालेल्या मेंदूला चार-पाच मिनिटांतच इजा होऊ लागते. रुग्णवाहिका पोहोचेपर्यंत ती मिनिटं तळ्याकाठच्या माणसाच्याच हातात असतात. गावोगावच्या शाळेत ही बाहुली एकदा तरी यायलाच हवी.

परतताना प्रत्येक तळ्यापाशी माझे ओठ आपोआप मोजत होते: एक ते दहा, पुन्हा एक ते दहा, पुन्हा एकदा. मग दोन श्वास.