गिझर बसवताना : बंद भांडं आणि उघडी वाट

तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाने गिझरवर बोलावं, याचं काहींना हसू येईल. पण आमच्या बाथरूममध्ये काय घडलं ते आधी ऐका.

आम्ही 15 लिटरचा गिझर भिंतीवर बसवून घेतला. दोनच दिवसांत त्याच्या खालच्या पितळी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकायला लागलं. गिझर चालू केला की ठिबकायचं, बंद केला की थांबायचं. आम्ही प्लंबरला म्हटलं, "हे गळणं बंद करा." त्याने त्या तोंडावर घट्ट बूच बसवलं. गळणं थांबलं, आम्ही खूश. महिन्याभराने आमचा इंजिनिअर भाचा आला. त्याने वर पाहिलं, आधी स्विच बंद केला आणि मग विचारलं, "मामा, हे कोणी बंद केलं?" खरं उत्तर होतं, आम्हीच.

आपल्या आजीचा तांब्याचा बंब आठवा. वरून पाणी ओतायचं, वर नुसतं झाकण. पाणी तापून फुगलं तरी त्याला वाट होती. गिझर तसा नाही. तो चहूबाजूंनी बंद आणि कायम भरलेला असतो. पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर गेलं की सुमारे दीड टक्क्याने फुगतं, म्हणजे 15 लिटरमागे जवळजवळ पाव लिटर. थंड पाण्याच्या वाटेवर पाणी उलटं जाऊ न देणारी झडप असते, त्यामुळे मागे परतायची सोय नाही. मग हे पाव लिटर जाणार कुठे? दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंबाथेंबाने बाहेर येतं. आम्ही ज्याला बिघाड म्हणत होतो, ते त्या व्हॉल्व्हचं काम होतं. (गिझर बंद असतानाही पाणी सतत वाहत राहिलं, तर मात्र व्हॉल्व्ह खराब आहे किंवा पंपाचा दाब जास्त आहे असं समजावं.)

हाच विचार प्रेशर कुकरमागे आहे. डेनिस पापँ याने 1679 मध्ये वाफेवर शिजवण्याचं बंद भांडं दाखवलं, आणि ते फुटू नये म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हही त्यानेच शोधला. कुकरची शिट्टी कोणी बांधून ठेवत नाही, कारण ती ऐकू येते. थेंब मुका असतो, म्हणून आपण त्याला दोषी ठरवतो.

एरवी थर्मोस्टॅट वीज तोडतो. तो अडकला तर कटआउट तोडतो. तोही फसला तर शेवटचा राखणदार हा व्हॉल्व्ह. त्यालाही बूच मारलं, तर दाबाखालचं पाणी 100 अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. टाकी फाटली की त्यातलं काही पाणी क्षणात वाफ होतं, आणि एक लिटर पाण्याची वाफ दीड हजार लिटरहून जास्त जागा मागते. छोट्या बाथरूममध्ये याचा अर्थ काय, ते सांगायला नको.

तेव्हा बसवून घेताना समोर उभं राहून इतकं पाहावं. पाण्यासकट गिझर पंचवीस किलोच्या आसपास भरतो, तेव्हा भिंत भक्कम हवी. 2000 वॉटला जवळजवळ 9 अँपिअर लागतात, म्हणून 16 अँपिअरचा प्लग आणि खरं अर्थिंग हवं. इमारतीत प्रेशर पंप असेल तर गिझरवर लिहिलेला दाब त्याला पुरतो का, हे विचारावं. व्हॉल्व्ह आणि गिझर यांच्यामध्ये नळ नको. व्हॉल्व्हच्या तोंडाला नळी जोडून ती उताराने मोरीकडे न्यावी, टोक मात्र उघडं ठेवावं. आणि गरम पाण्याचा नळ सोडून त्यातून सलग धार आल्याशिवाय स्विच लावू नये.

आयुष्यभर आम्ही वर्गात शिकवलं की खूण आणि दोष यांत फरक करा. घरात मात्र खूणच बुजवली आणि वर त्या माणसाला चहा पाजला. तो बिचारा काय करणार, गिऱ्हाइकाने सांगितलं तेच त्याने केलं.

आज घरी गेल्यावर गिझरखाली जरा वाकून पाहा. व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच दिसलं, तर स्विच लावू नका, जाणकाराला बोलवा. आता प्रश्न असतील तर घेऊ.